साडेपाचाचा हिशेब : जगाच्या वेळा आणि वाररेषा, नागपूरच्या गच्चीवरून

संकष्टीच्या रात्री नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी चंद्रदर्शन होतं, नैवेद्य दाखवला जातो, पानं वाढली जातात आणि नेमका तेव्हाच डोंबिवलीहून धाकट्या बहिणीचा फोन येतो. "दादा, तुमचं जेवण सुरूसुद्धा झालं? आमच्याकडे अजून चंद्र यायचाय." दोन्ही घरांतली घड्याळं अगदी सारखी, चंद्र मात्र नागपूरला साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाच्या वेळा गावोगावच्या वेगळ्या छापतात त्या यासाठीच.

घड्याळ एक आणि आकाश वेगळं, हे मनात पक्कं बसलं की जगाच्या वेळा कळायला वेळ लागत नाही. मी बरीच वर्षं शाळेत भूगोल शिकवला. "एका अंशाला चार मिनिटं" हे मुलं पाठ करतात, परीक्षेत गणित सोडवतात, आणि पुढे नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात रात्रपाळीला लागली किंवा शिकायला परदेशी निघाली की त्याच गणितात अडखळतात. त्यांच्यासाठी, आणि इथे बसून त्यांच्या फोनची वाट पाहणाऱ्या आईवडिलांसाठी, हे सगळं पायरीपायरीने लिहितो आहे. एक वही-पेन जवळ ठेवा. पहिली पायरी मात्र वहीत नाही, गच्चीवर आहे.

पायरी पहिली : आपला सूर्य ओळखा

गच्चीवर ऊन येईल अशा सपाट जागी एक सरळ काठी उभी करा. कुंडीतल्या मातीत रोवली तरी चालेल, फक्त ती वाकडी नको. सकाळी साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. सावली आखूड होत जाईल आणि मग पुन्हा लांबायला लागेल. ती सर्वांत आखूड असते तो तुमचा खरा मध्यान्ह.

तो बाराला होत नाही. नागपूर पूर्व रेखांश ७९ अंश ५ मिनिटांवर आहे, आणि भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखावृत्तावरून धरली आहे. ते रेखावृत्त उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. दोन्हींत ३ अंश २५ मिनिटांचा फरक. (ही मिनिटं घड्याळाची नव्हेत, कोनाची : अशा ६० मिनिटांचा एक अंश.) पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. त्या हिशेबाने मिर्झापूरवर आलेला सूर्य नागपूरवर यायला १३ मिनिटं ४० सेकंद लागतात. म्हणजे आपला मध्यान्ह सरासरीने १२ वाजून १४ मिनिटांना.

सरासरीने म्हणतो, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आसही कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढेमागे चालतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नागपूरचा मध्यान्ह बाराच्याही दोन-तीन मिनिटं आधी येतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला पार १२ वाजून २८ मिनिटांपर्यंत सरकतो. घरात लहान मूल असेल तर हा प्रयोग २६ मेच्या आसपास करा. त्या सुमारास सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि १२ वाजून १० मिनिटांच्या आगेमागे काठीची सावली पायाशीच विरून जाते. ऊन भयंकर असतं, डोक्याला दुपट्टा बांधून जा. पण सावली नाहीशी होताना पाहिलेलं मूल रेखांश-अक्षांश पुन्हा विसरत नाही, हे मी वर्गावर्गात पाहिलं आहे.

पायरी दुसरी : शून्य कुठे आहे ते पाहा

आपल्याकडे नागपुरात झिरो माईलचा खांब आहे. वाळूच्या दगडाचा, शेजारी चार घोडे, आणि गावांची अंतरं मैलांत कोरलेली. आता विचार करा, शून्य तिथेच का? जमिनीत तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. मोजणाऱ्यांनी एक जागा ठरवली आणि तिथून मोजायला लागले. जगाच्या वेळेचं शून्यही असंच ठरवलेलं आहे. १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला परिषद भरली. लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेतून जाणारं रेखावृत्त शून्य मानायचं, हा ठराव तिथे २२ विरुद्ध १ मतांनी झाला. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. निवड ग्रिनिचची झाली, कारण जहाजांवरचे बहुसंख्य नकाशे तेव्हा आधीच ग्रिनिचवरून मोजलेले होते. फ्रान्सने मात्र १९११ पर्यंत पॅरिसची वेळ सोडली नाही.

आज या शून्याच्या वेळेला यूटीसी म्हणतात. ती अणुघड्याळांवर चालते. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा : भारत, अधिक साडेपाच.

हे साडेपाचही सहज आलेलं नाही. पूर्वी मुंबई, कलकत्ता, मद्रास यांची वेळ वेगवेगळी असायची आणि आगगाड्या मद्रासच्या वेळेवर धावायच्या. १ जानेवारी १९०६ पासून भारताची एक प्रमाणवेळ सुरू झाली, तरी कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत सांभाळली आणि मुंबईने थेट १९५५ पर्यंत. मुंबईचं ते जुनं घड्याळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असे. मुंबईचा मिर्झापूरपासूनचा अंशांचा फरक चाराने गुणून पाहा, हाच आकडा येईल. गुजरातच्या पश्चिम टोकापासून अरुणाचलच्या पूर्व टोकापर्यंत सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दोन तासांचं अंतर आहे. म्हणून आसामातले चहाचे मळे आजही घड्याळ तासभर पुढे ठेवून काम करतात आणि त्याला बागान टाइम म्हणतात. ती माणसं सूर्याशी प्रामाणिक आहेत, असं मला नेहमी वाटतं.

पायरी तिसरी : आपल्या माणसांची गावं लिहून काढा

जगातले सगळे कालविभाग पाठ करायची गरज नाही. ज्यांच्याशी बोलायचं आहे त्यांचीच गावं लिहा, आणि प्रत्येकापुढे यूटीसीपासूनचा फरक. दुबई अधिक ४, दोहा अधिक ३, सिंगापूर अधिक ८, टोकियो अधिक ९. लंडन हिवाळ्यात शून्य. न्यूयॉर्क हिवाळ्यात उणे ५, शिकागो उणे ६, कॅलिफोर्निया उणे ८. सिडनी त्यांच्या हिवाळ्यात अधिक १०.

नकाशावर हे पट्टे सरळ उभे दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. ते देशांच्या सीमांप्रमाणे वाकतात. चीन एवढा अवाढव्य असून सगळा एकाच वेळेवर, अधिक ८ वर चालतो. नेपाळ अधिक पावणेसहा, म्हणजे आपल्या पंधरा मिनिटं पुढे. अफगाणिस्तान अधिक साडेचार, म्यानमार अधिक साडेसहा. साडे, पावणे, सव्वा हे शब्द आपल्या भाषेत मुरलेले असल्याने हे अर्धे-पाव तास आपल्याला जड जाऊ नयेत.

पायरी चौथी : आधी शून्यावर जा, मग पुढे

थेट एका गावाहून दुसऱ्या गावाची वेळ काढायला गेलात की चूक होते. मधे यूटीसीवर थांबायचं. आपल्या वेळेतून साडेपाच वजा करा आणि मग समोरच्या गावाचा आकडा मिळवा.

नागपुरात मंगळवारची सकाळ, ७ वाजलेत, महिना जानेवारी. साडेपाच वजा केले, यूटीसी दीड, म्हणजे मंगळवारी पहाटेचे १:३०. शिकागो उणे ६. दीडमधून सहा जात नाहीत, तेव्हा मागच्या दिवसात शिरा : सोमवार, संध्याकाळचे ७:३०. वेळेशेजारी वार दर वेळी लिहा. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका तासांच्या नसतात, वाराच्या असतात. आई इथे वाढदिवसाच्या सकाळी हौसेने फोन लावते आणि तिकडे वाढदिवस उजाडायलाच अजून अर्धी रात्र असते.

हिशेब हातात बसला की काही सोप्या युक्त्या वापरायला हरकत नाही. न्यूयॉर्कसाठी हिवाळ्यात आपल्या वेळेचे सकाळ-रात्र बदला आणि दीड तास मिळवा. रात्री ९ म्हणजे तिकडे सकाळी साडेदहा. कॅलिफोर्नियासाठी सकाळ-रात्र बदलून दीड तास वजा करा : रात्री ९ म्हणजे सकाळी साडेसात. आणि यूटीसीसाठी काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरा. इथे ३ वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊसारखे दिसतात, आणि तेव्हा यूटीसी साडेनऊच असते. साडेपाच तासांच्या फरकाची ही गंमत मुलांना दाखवलीत तर ती दिवसभर घड्याळ उलटंसुलटं करत बसतात.

पायरी पाचवी : उन्हाळी वेळ, जिथे सर्वांत जास्त माणसं फसतात

इथे जरा थांबून वाचा.

अमेरिका आणि युरोपात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, थंडी आली की पुन्हा मागे. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा असा असतो की न्यूयॉर्क आणि लंडनमधला नेहमीचा फरकही बदलतो. सिडनीत उलटं, कारण त्यांचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात : ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. अमेरिकेतही ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई हे करतच नाहीत. भारत करत नाही, म्हणून आपल्याला सवय नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ आपलीही घड्याळं तासभर पुढे होती, पण ते आता फार थोड्यांच्या आठवणीत उरलं असेल.

माझ्या पुतण्याची एका अमेरिकन कंपनीसोबत ऑनलाइन मुलाखत होती. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी ११ ला. पत्र ऑक्टोबरात आलं, तेव्हा त्याने हिशेब केला : उन्हाळी वेळ उणे ४, म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. हिशेब बरोबर होता. मुलाखत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतरची होती, एवढंच त्याने पाहिलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून तो साडेआठला बसला. समोर कोणी येईना. सव्वानऊपर्यंत वाट पाहिली, मग लॅपटॉप मिटून तो खाली चौकात निघून गेला. मुलाखत साडेनऊला सुरू झाली आणि तो नव्हता. दुसरी संधी मिळाली नाही. "काका, मी तर आधी येऊन बसलो होतो," हे तो त्या रात्री किती वेळा म्हणाला असेल. हा लेख लिहायला बसलो त्याला ते वाक्यही एक कारण आहे.

तेव्हा वहीत न्यूयॉर्कपुढे दोन आकडे लिहा : हिवाळी उणे ५, उन्हाळी उणे ४. आणि बदलाचे रविवारही. ठरलेली तारीख त्या रविवारच्या अलीकडची की पलीकडची, हे हिशेबाआधी बघा. वर सांगितलेल्या युक्त्याही उन्हाळ्यात बदलतात : न्यूयॉर्कला अडीच तास मिळवायचे, कॅलिफोर्नियाला अर्धाच तास वजा करायचा.

फोनवर भेट ठरवताना इंग्रजी तीन अक्षरी वेळेपेक्षा गावाचं नाव लिहा. आयएसटी म्हणजे आपली वेळ, पण आयर्लंड आणि इस्रायलही तीच अक्षरं वापरतात. "नागपूर रात्री ९:३०, न्यूयॉर्क सकाळी ११, बुधवार" एवढं लिहिलं की कोणी चुकत नाही.

पायरी सहावी : वाररेषा

आता खरी गोडी. नागपूरहून मनाने पूर्वेला निघा. दर १५ अंशांना एक तास मिळवत गेलात की १८० अंशांवर पोहोचताना तुम्ही यूटीसीच्या १२ तास पुढे असता. आता ग्रिनिचहून पश्चिमेला निघा, दर १५ अंशांना तास वजा करत. त्याच १८० अंशांवर येता तेव्हा १२ तास मागे. जागा एक आणि फरक २४ तासांचा. घड्याळात काटे तेच, वार मात्र वेगळा. ही गाठ कुठेतरी सोडवावीच लागते. जिथे सोडवली ती आंतरराष्ट्रीय वाररेषा.

काही विद्वानांनी हे आधी कल्पनेने काढलं होतं, माणसांनी ते भोगलं नंतर. मॅगेलनच्या मोहिमेतले वाचलेले खलाशी पश्चिमेला जात जात पृथ्वीला वळसा घालून १५२२ साली आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर पोहोचले. जहाजावरच्या नोंदीत बुधवार होता, किनाऱ्यावरची माणसं म्हणाली गुरुवार. त्या मोहिमेतला पिगाफेट्टा रोजनिशी चोख लिहीत होता, एक दिवसही सुटला नव्हता. सूर्याच्या दिशेने चालत राहिल्याने त्यांचा प्रत्येक दिवस किंचित लांबला होता आणि सगळे मिळून एक पूर्ण दिवस कमी मोजला गेला होता.

मराठी वाचकाला हे समजायला आपलं पंचांग मदत करतं. आपल्याकडे तिथीचा क्षय होतो आणि वृद्धीही होते. एखाद्या महिन्यात पंचमीनंतर थेट सप्तमी आली किंवा अष्टमी दोन दिवस राहिली तरी आपली आजी गोंधळत नसे. कारण वेगळं आहे, तिथी चंद्रावर आणि सूर्योदयावर ठरते. पण तारीख गळू शकते आणि दोनदा येऊ शकते, हा विचार आपल्याला परका नाही. सामोआ बेटांचं पाहा. १८९२ साली त्यांनी अमेरिकेकडच्या बाजूला जाण्यासाठी ४ जुलै दोनदा मोजला : वृद्धी. मग व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला, आणि २०११ मध्ये गुरुवार २९ डिसेंबरनंतर तिथे थेट शनिवार ३१ डिसेंबर उजाडला. ३० डिसेंबरचा क्षय.

वाररेषा म्हणूनच नकाशावर सरळ नाही. ती कोणत्याही करारात आखलेली नाही, प्रत्येक देश आपण कोणत्या बाजूचे ते स्वतः ठरवतो. किरिबाटी देशाची बेटं रेषेच्या दोन्हीकडे पसरली होती. अर्धा देश एक दिवस मागे असल्याने सरकारी कामाचे जेमतेम चारच दिवस दोन्हीकडे सारखे यायचे. १९९५ उजाडताना त्यांनी पूर्वेकडची बेटं एक दिवस पुढे नेली. आज त्यांच्या किरितिमाती बेटावरची वेळ अधिक १४ आहे, जगात सर्वांत पुढे. आणि हवाईतलं होनोलुलू जवळजवळ त्याच रेखांशावर असून उणे १० वर. दोन्हीकडे घड्याळात सकाळचे नऊ, पण एकीकडे सोमवार आणि दुसरीकडे मंगळवार.

यातून एक गोष्ट निघते जी मला फार आवडते. किरितिमातीवर मध्यरात्र होते तेव्हा नागपुरात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. जगातली नवी तारीख आपल्या दुपारी साडेतीनला जन्मते. त्यानंतर तासभर, साडेचारपर्यंत, अमेरिकन सामोआत (ही सामोआशेजारची, पण अमेरिकेच्या ताब्यातली बेटं, उणे ११ वर) अजून कालची तारीख संपलेली नसते. म्हणजे आपण चहाचं आधण ठेवतो तेव्हा पृथ्वीवर माणसं तीन वेगवेगळ्या तारखांमध्ये जगत असतात.

लक्षात ठेवायचा नियम छोटा आहे. वाररेषा ओलांडून पश्चिमेला, म्हणजे अमेरिकेकडून आशियाकडे आलात, तर एक तारीख गळते. पूर्वेला गेलात तर तीच तारीख पुन्हा मिळते. जुलैमध्ये सिडनीहून सोमवारी सकाळी ११ ला निघालेलं विमान साडेतेरा तास उडून लॉस एंजेलिसला सोमवारीच सकाळी साडेसातला उतरतं, निघालं त्याच्याही आधी. परतताना सोमवारी रात्री १० ला निघून १५ तासांनी उतरलात तर सिडनीत बुधवारची पहाट. मंगळवार वाटेतच जातो. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांनी अशा प्रवासाआधी वेळापत्रक डॉक्टरांकडून तासांच्या हिशेबात लिहून घ्यावं, तारखांच्या नव्हे.

पायरी सातवी : तिकीट आणि शेवटची तारीख

विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते, पोहोचण्याची पोहोचण्याच्या गावची. समजा नागपूरहून पहाटे ४ ला निघून दोह्याला ५:४५ ला पोहोचायचं आहे. पावणेदोन तासांचा प्रवास वाटेल, पण दोहा आपल्या अडीच तास मागे. प्रत्यक्षात सव्वाचार तास. वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक १ छापलं असेल तर पोहोचण्याची तारीख पुढची. घ्यायला येणाऱ्यांना तीच कळवा. आणि रात्री १२:२० चं विमान असेल तर तुम्हाला आदल्या रात्रीच विमानतळावर जायचं आहे.

परदेशी विद्यापीठाच्या अर्जावर "१५ तारखेला मध्यरात्रीपर्यंत" लिहिलेलं असतं तेव्हा कुठली मध्यरात्र ते शोधा. काही परिषदा "पृथ्वीवर कुठेही" अशी मुदत देतात, ती उणे १२ ची वेळ असते. त्या हिशेबाने १५ ची मुदत आपल्याकडे १६ तारखेला संध्याकाळी साडेपाचला संपते. तरी माझं ऐकाल तर अर्ज १४ लाच पाठवा.

आता शेवटचं उदाहरण, आणि हे तुम्ही वहीत सोडवा. शिकागोच्या पुतणीने मला विचारलं होतं, "काका, आपल्या कॅलेंडरात संकष्टी मंगळवारी दाखवली आहे, मी कधी धरू?" तिथी सुरू होण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, चंद्रोदय मात्र जिथला तिथला. समजा कॅलेंडरात तृतीया मंगळवारी सकाळी ६:१५ पर्यंत आहे, मग चतुर्थी. महिना जुलैचा, शिकागो साडेदहा तास मागे. तिकडे चतुर्थी सोमवारी संध्याकाळी ७:४५ ला लागली. तिच्या गावचा चंद्रोदय सोमवारी रात्री ९:४० चा, म्हणजे चतुर्थीतलाच. मंगळवार रात्रीच्या तिच्या चंद्रोदयापर्यंत आपल्याकडे बुधवारची सकाळ झालेली असेल आणि पंचमी लागलेली. तेव्हा तिचा उपास सोमवारी.

तिने फोनवरच सगळं मांडून पाहिलं, जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे काका, तुमची अंगारकी आणि माझी साधी संकष्टी?"

हो, तसंच.